समानार्थी शब्द

पाचवी ब. प्रश्न तिसरा: बेगमी.
बहुतेकांनी लिहिलं साठा,
दोघींनी संचय, एकाने तरतूद,
कुणी शिल्लक लिहिलं, त्यालाही मी अर्धा गुण दिला.
चुडामणने लिहिलं: बिबडे.

फुली मारली.
खिडकीबाहेर, अमळनेरच्या त्या पांढऱ्या उन्हात,
केवळबाईंच्या खाटेवर, जुन्या लुगड्यावर
ज्वारीचे बिबडे कडा उचलत होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, हे काय रे?
“माय सुरतले गयी,
डबा भरीसन गयी.
रोज एक.
आते एकवीस शेतस.”
आणि संपले की?
“मंग माय यी जाई.”
मी आहे म्हणून सांगतो तसं, सरळ.

रात्री कोश काढला, वाळवीने खाल्लेला.
शिधा, रसद, पुरवठा पुढे कुठेतरी होते.
आधी होतं: फारसी. बे, गम.
काळजी नसणे.

एवढी वर्षं मी हा शब्द
कणगीतच ठेवला होता,
तोंडावर कडुनिंबाचा पाला घालून.

फुलीवर बरोबरची खूण नीट बसत नाही,
खाडाखोड दिसते. दिसू दे.
दोनपैकी दोन.
बेरीज बदलली.

आज वीस असतील.