वाचनवही

रात्रीची शेवटची बस डेपोत लावून घरी येते
तेव्हा हडर्सफील्डचा गारठा
बोटांत अजून स्टिअरिंगएवढा वाकलेला असतो.
शाल्मली झोपलेली.
टेबलावर तिचं दप्तर, वर शाळेची वाचनवही:
"शब्द बघत नाही. अंदाजाने वाचते.
– मिसेस हॉलरॉइड."

कुठे चुकली म्हणून पुस्तक उघडलं.
पान सात. आई केक करते.
आमच्या बाईसाहेबांनी वाचलं होतं,
बाबा केक करतात.
समोरच्या पानावर बाबा गाडी चालवतात,
तिथे तर अडूनच बसली म्हणे,
"मग आईची बस कुठेय?"
पुढे भाऊ झाडावर चढतो.
बहीण खाली उभी राहून बघते,
फ्रॉकला एक डाग नाही.

रविवारीच श्रीरंग अंडी फोडत होता.
टरफलाचा तुकडा पडला भांड्यात,
तो चमच्याने हुडकत बसला
आणि ही ओट्यावर चढून
टॉर्च धरून होती.
अंदाज कसला त्यात.

मी इंग्रजी शिकले इथे येऊन, तिशीत,
तेव्हा एका गोष्टीचं भारी सुख वाटलं होतं.
मराठीत नुसतं "जाते" म्हटलं
की कळतं, बाई चाललीय.
त्या "ते"ला घरी ठेवून
मला कधी कुठे जाताच आलं नाही.
इथे "आय गो".
कोण गेलं, कुणाला पत्ता नाही.
म्हटलं, बरी आहे भाषा, तिकीट तपासत नाही.
चित्रं नंतर बघितली.

खरं तर मूल आपल्याकडे "ते" असतं.
ते पडलं, ते रडलं,
ते उठून पुन्हा झाडाकडे पळालं.
साधारण पान सातपर्यंत.

वहीत पालकांसाठी एक रकाना असतो, दोन बोटं रुंद.
"प्रिय मिसेस हॉलरॉइड" एवढ्यातच अर्धा भरला.
श्रीरंग चहा ठेवून गेला.
शेवटी नुसती सही केली.

पुस्तक मिटताना दिसलं,
केकवाल्या आईच्या गळ्यात
निळ्या स्केचपेनने काढलेलं माझं ओळखपत्र,
फोटोसकट, दोरी जरा लांबच.

आज शाळेची चिठ्ठी आली,
पुस्तक खराब केल्याबद्दल चार पौंड.
देईन.
पैसे भरले की ते पुस्तक आपलं होतं का,
तेवढं विचारायचंय.