लाओसचं गवत

विन्ह शहराबाहेर, फार्मसी कॉलेजच्या कुंपणाला लागून
ते माजलंय.
तिथे त्याला म्हणतात लाओसचं गवत.
इंग्रजीत ते सयामचं.
आपण म्हणतो रानमोडी.
कुणीच त्याला घरचं म्हणत नाही.

खुए ते फुलोरा यायच्या आत कापते,
सावलीत वाळवते, दळते,
तीन दिवस स्पिरिटात बुडवून ठेवते.
पोतंभर पाला,
आणि शेवटी काचेच्या तळाशी काजळासारखं काहीतरी, हिरवट काळं,
औषधापुरतं म्हणतात ना, तेवढंच.

मग मेण, पॅराफिन, पाणी.
पहिली क्रीम एका रात्रीत फाटली, नासलेल्या दुधासारखी.
दुसरी टिकली, पण वास असा
की वॉचमन थिएप दारातूनच म्हणाला,
"आत म्हैस व्यालीय का?"
तिसरी बोटावरून नीट सरकली.

आईला फोनवर सांगितलं, पाच टक्के अर्क.
आईने विचारलं, "आणि थुंकी?"
आईचा जन्म भातखाचरात गेला. विळा लागला
की पाला चावायचा, चोथा दाबायचा,
वर चिंधी, आणि पुढची मूठ कापायची.
"थुंकीशिवाय कसलं लागू पडतंय!"
खुएने वहीत, मेणाच्या खाली, लिहिलं: थुंकी.
मग खोडलं.

चोवीस उंदीर. भूल देऊन, पाठ भादरून
प्रत्येकाला सारखीच जखम, नाण्याएवढी.
सहांना पाच टक्के, सहांना दहा,
सहांना बाजारातलं मलम,
सहांना नुसतंच मेण.
दिवसाआड ती जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवते
आणि आलेखाचे चौकोन मोजते.
एकशे बारा. सत्त्याण्णव. साठ.
दहा टक्के पाचाच्या पुढे जात नाही,
जास्तीचं फक्त डागतं.
नुसत्या मेणवाल्यांचेही चौकोन घटतात,
सावकाश, कुणाचं काही न घेता.
अहवालात हे एका ओळीत बसतं.

चौदाव्या दिवशी पाच टक्क्यांतला चौथा
कुठे फाटला होता ते दाखवेना.
एक गुलाबी रेघ, तीवर लव.
आता तिथला काप घ्यायचा, रंगवायचा, काचेवर ठेवायचा.
पुरता बरा झालाय हे कळायला
तो जिवंत असून चालत नाही.

उचलताना तो चावला, हातमोज्यातून, अंगठ्याला.
बरोबरच केलं त्याने.

खुए मागच्या दाराने बाहेर आली.
आत फ्रीजमध्ये तिसऱ्या क्रीमच्या अकरा डब्या होत्या,
तारखा घातलेल्या.
कुंपणाशी वाकून तिने तीन पानं तोडली,
चावली. कडू, घशात रॉकेल गेल्यासारखी.
चोथा अंगठ्यावर दाबून उभी राहिली.

थिएप बघत होता.
"हे वहीत लिहिणार?"
तिच्या तोंडात अजून पाला होता.