प्रभारी

मगदूम सर गणिताचे. त्यांच्या काळात
शाळा बेरजेसारखी उभी असायची,
एककाखाली एकक, दशकाखाली दशक.
खिचडीचं पातेलं उघडायच्या आधी पट मोजायचे,
आणि एखादं ताट जास्त निघालं तर
दिवसभर बेचैन: हातचा गेला कुठं?

ते निवृत्त झाले. खुर्ची सेवाज्येष्ठतेनं माझ्याकडे आली.
मी मराठीची. तेवीस वर्षं
कर्ता, कर्म, क्रियापद.
पहिल्याच बैठकीत इतिवृत्ताची वही उघडली:
'मुलींच्या बाजूचा नळ दुरुस्त करण्यात यावा.'
तीन वर्षं, सात बैठका, हेच वाक्य.
मी विचारलं, यात कर्ता कोण?
सगळे पंख्याकडे बघायला लागले.
खोडून लिहिलं: 'रंगराव शिपाई उद्या नळ बदलतील.'
नळ बदलला.
मला वाटलं, जमलं. शाळा चालवणं म्हणजे
नुसता प्रयोग बदलणं.

मग पाचवीतल्या आसावरी लोहारच्या आईची चिठ्ठी आली.
'बाई, पोरगी आटवडाभर येनार न्हाई.
मी वडणग्यात गुराळावर हाय.
बारक्याला बघाय कोन न्हाई.'
लाल पेन हातात होतंच.
आटवडा, येनार, न्हाई, कोन:
सगळ्यांखाली रेघा मारून झाल्या
तेव्हा ध्यानात आलं,
चिठ्ठी वाचायची राहिलीय.

मगदूम सरांनी विचारलं असतं, किती दिवस?
भूगोलाच्या शिकलगार बाईंनी विचारलं,
"राहते कुठं ही?"
आणि उत्तराआधी चपला घातल्या.

उत्तरेश्वर पेठेतून नदीकडं उतरणारे बोळ
त्यांना तळहातासारखे पाठ.
कुठल्या पायरीला पुराचं पाणी टेकतं,
कुणाचं दार कुठल्या गल्लीत उघडतं.
मी पदर सावरत मागून.
तेवीस वर्षं मी याच शाळेत होते
आणि रोज रिक्षानं येत होते.

आसावरी दारात, कडेवर तीन वर्षांचा भाऊ.
मला बघून म्हणाली,
"बाई, शुद्धलेखन झालंया. वही आनू?"
नको म्हटलं. पोराला घेतलं.
त्यानं आधी माझा चष्मा ओढला.

परतल्यावर वही उघडली. हात सवयीनं लिहून गेला:
'बालकास अंगणवाडीत प्रवेश देण्यात यावा.'
खोडलं.
'मी उद्या अंगणवाडीत जाऊन त्याचं नाव घालीन.'
कर्ता ठणठणीत. बरं वाटलं.
शिकलगार बाई खांद्यावरून वाचत होत्या.
म्हणाल्या, "कुठल्या अंगणवाडीत,
ते बी लिवा की."