नग तेवीस

बिस्किटांच्या डब्यात तेवीस तुकडे घालून
मी पणजीला निघालो तेव्हा
म्हार्दोळच्या उतारावर ते खुळखुळले.
इंजिनातही असेच वाजतात, मोडायच्या आधी चार दिवस,
सकाळी, गाडी थंड असताना,
करवंटीत चिंचोके हलवावेत तसे.
गिऱ्हाईक म्हणतं, पुंडलीकबाब, रेडिओ लावला की ऐकू येत नाही.
मी म्हणतो, रेडिओ बंद करा.

अंगठ्याएवढा भाग. काळं प्लास्टिक.
साखळी ताणून धरायची, एवढंच त्याचं काम.
तो गेला की साखळी सैल,
साखळी सैल की व्हॉल्व्ह पिस्टनवर,
आणि नऊ लाखांची गाडी
चोर्ल्याच्या वळणावर
थकल्या रेड्यासारखी बसते, उठत नाही.

प्रत्येक तुकडा कागदात, कागदावर नाव.
फिलोमेना रेबेलो, बांबोळीच्या इस्पितळात नर्स:
रात्रपाळी संपवून येताना झुवारीच्या पुलावर, मधोमध,
मागून ट्रक, खाली पाणी.
रोहिदास हरमलकर, टॅक्सी:
मागच्या सीटवरच्या जोडप्याचं विमान चुकलं.
यानं भाडं घेतलं नाही, वर माफी मागितली,
जणू इंजिन यानंच ओतलं होतं.
केरकर मास्तर:
आयुष्यात साठच्या वर काटा नेला नाही.
त्यांनाही कंपनीनं कळवलं,
‘वाहन बेदरकारपणे चालवल्याचे दिसून येते.’
मास्तरांनी ते पत्र लाल शाईनं तपासून परत धाडलं.
शुद्धलेखनाच्या सहा चुका. शेरा: पुन्हा लिहा.

आधी म्हणाले, तेल वेळेवर बदललं नाही.
पावत्या दाखवल्या.
म्हणाले, तेल आमचं नव्हे.
डबा दाखवला, त्यांचंच होतं.
मग म्हणाले, गोव्याची हवा दमट आहे.
हे आम्हाला सांगायला
माणूस विमानानं आला होता.

आयोगाच्या खोलीत पंखा फार आवाज करत होता.
बेअरिंग गेलंय, माझ्या मनात आलं.
वकील म्हणाले, आपलं शिक्षण?
आयटीआय, फर्मागुडी.
धातुशास्त्राचा काही अभ्यास?
भाग प्लास्टिकचा आहे, मी म्हटलं.
मागे कुणी तरी हसलं. फिलोमेनाबाई असाव्यात.

मग मी डबा उघडला.
टेबलावर एकेक मांडत गेलो,
सगळे एकाच जागी मोडलेले, तिसऱ्या दाताशी.
तेवीस माणसं, तेवीस तऱ्हेचे पाय क्लचवर,
कुणी घाट चढणारं, कुणी देवळापर्यंत जाऊन येणारं,
आणि मोड एकच.

मग शर्टाच्या खिशातून चोविसावा काढला.
नवा. मार्चमध्ये सुट्या भागांच्या पाकिटातून आलेला.
नंबर तोच, शेवटी फक्त एक ‘बी’.
तिसऱ्या दातामागची कड दोन मिलिमीटर जाड.
पत्र नाही, जाहिरात नाही, एक शब्द नाही.
दोन मिलिमीटर.

ते कुणी तरी वाढवले असतील.
कुठे तरी एखाद्या टेबलाशी
चष्मा कपाळावर सारून
एका माणसानं मोडका भाग उजेडात धरला असेल,
मी धरतो तसाच.
मला त्याला भेटायचं आहे. भांडायला नाही.
एवढंच विचारायचं, तुला कधी कळलं?
त्या पुलाच्या आधी, की नंतर?

वकील उठून म्हणाले,
बदललेले जुने भाग नियमानं कंपनीच्या मालकीचे.
इतकी वर्षं जे त्यांचे नव्हते
ते एका मिनिटात त्यांचे झाले.

पुढली तारीख चवथीनंतर.
कारकुनानं डबा जमा करून घेतला, लिहिलं:
काळ्या प्लास्टिकचे तुकडे, नग तेवीस.
कागद काढू नका, मी म्हटलं, नावं आहेत.
तो म्हणाला, नावांचा रकाना नाही.

हरमलकराच्याच टॅक्सीतून परतलो.
तिच्यात मीच बसवलाय, ‘बी’.
बाणस्तारीच्या पुलावर चौघंही गप्प.
मास्तर खिडकीला कान लावून.
रेडिओ बंद होता.