कोपर

मालीम जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात
एकवीस वर्षं झाली मला.
लादी आकड्याने ओढायची, फळीवरून सोडायची,
खाली यंत्र तिचा चुरा करतं
आणि चुरा नळीतून ट्रॉलरच्या पोटात.
बांगडे ताजे राहतात.
माझी बोटं शिळी झाली.

आधी करंगळ्या गेल्या.
गेल्या म्हणजे आहेत जागेवर,
पण कतारला गेलेल्या पोरासारख्या,
खबर काही येत नाही.
शर्टाची बटणं प्रेमावती लावते.
रुपया की वॉशर, हे मी बघून सांगतो.

बेतीच्या दवाखान्यात डॉक्टर बार्रेटो बाई म्हणाल्या,
रक्त आखडून बसलंय, त्याला बोलावून घ्या.
आणि गोळी लिहावी तसं चिठ्ठीवर लिहिलं:
ऊन पाण्याची आंघोळ, रोज एकदा, जेवणाआधी, सावकाश.
फार्मसीतल्या पोराने चिठ्ठी उलटसुलट केली,
परत दिली.
हे आमच्याकडे नाही, म्हणाला.

आमच्याकडे आहे.
मागीलदारी न्हाणी, न्हाणीत भाण,
वाडवडिलांचं वगैरे नव्हे,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेलं,
बुडाला एक पोचा.
खाली सोडणं, करवंट्या.
धूर आधी डोळ्यांत, मग कौलांत,
मग शेजारच्या सेबास्तियानाच्या वाळत घातलेल्या चादरींत,
आणि मग कुंपणावरून तिचा आवाज.
गीझर घ्या म्हणते.
घेऊ.

पहिल्याच आठवड्यात भाजलो.
हात बुडवला. हात म्हणाला, कोमट.
हाताचं ऐकून खांद्यावर तांब्या ओतला
आणि खरं काय ते खांद्याने
अख्ख्या वाड्याला ओरडून सांगितलं.
आठ दिवस सोलत होता.
तेव्हापासून आधी प्रेमावती येते,
बाही सारते, कोपर बुडवते बादलीत,
तान्ह्या पोराच्या पाण्यात बुडवतात तसं,
आणि एकच शब्द बोलते.
थांब.
किंवा, घे.

घे म्हटलं की घेतो.
पहिला तांब्या पाठीवर,
तिथे दिवसभराच्या लाद्या मोजून ठेवलेल्या असतात.
दुसरा मानेवर. मान कुरकुरते, मग ऐकते.
गुडघ्यांना चार-पाच तांब्यांनंतर कळतं
की आपली पाळी संपली.
बोटं शेवटी.
परातीत सोडून बसतो.
आधी काहीच नाही.
मग एक मुंगी.
मग वारूळ.
मग दुखतं,
चांगलं दुखतं,
पोर रात्री उशिरा दार वाजवतं तसं.

उठताना भिंत धरायची,
एकदम उठलं की अंधारी येते.
हेही चिठ्ठीवर आहे, खाली, बारीक अक्षरात.
नऊला झोपतो.
पूर्वी बारा वाजेपर्यंत वासे मोजायचो,
बावीस आहेत.

गेल्या आश्विनात ती पेडण्याला गेली,
बहिणीच्या बाळंतपणाला. पाच दिवस.
पहिल्या दिवशी मी आंघोळ बुडवली.
दुसऱ्या दिवशी गार पाण्याने उरकली,
रात्रभर वाटलं, कारखान्यातच निजलोय, लाद्यांमध्ये.
तिसऱ्या दिवशी भाण पेटवलं.
बादलीवर वाफ,
आणि विचारायला कोणी नाही.

मग बाही सारली.
नकोशा गोष्टीला लोक कोपरापासून नमस्कार करतात,
मी वाकून कोपरच आत घातलं.
लांब बाहीच्या आत
एकवीस वर्षं बर्फ न लागलेली जागा.
तिला सगळं ठाऊक होतं,
मी कधी विचारलं नव्हतं.
थांब, म्हणालं कोपर.
गार पाणी घातलं, तांब्याभर, मग अर्धा.
घे.

ती परत आली, सुंठीच्या वड्या घेऊन,
भाचीचं नाक कोणावर गेलं ते सांगत.
संध्याकाळी नेहमीसारखी न्हाणीत आली,
बाही सारली, बुडवलं,
घे, म्हणाली.

पाणी जरा कमीच ऊन होतं.
मी काही बोललो नाही.