पाच आणि दोन

मयड्याच्या शेवटच्या वळणावर, केळींच्या मागे,
झेफेरिन लोबोचं घर.
मी वीज खात्याचा. महिन्यातून एकदा
टॉर्च मारून आकडा वहीत उतरवणारा.
इतक्या कमी युनिटांचं घर माझ्या यादीत दुसरं नव्हतं:
एक बल्ब, एक पंखा,
आणि बाल्कांवावर गुडघाभर मासिकं.

सगळी एकाच जातीची. प्रोग्रेसिव्ह रॉक.
वीस-वीस मिनिटांची गाणी,
मुखपृष्ठांवर तरंगते डोंगर आणि डोळे मिटलेले मासे.
एकवीस वर्षं तो जहाजावर स्टुअर्ड होता.
बंदरात उतरले की बाकीचे तारवटी अत्तरं घेत,
हा मासिक. घरी परतल्यावर टपालानं.

"वाजवा की एखादं," मी म्हटलं.
"सुई मोडून नऊ वर्षं झाली."
मग हे कशाला?
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
"म्हज्या घरांतलो दिवो तुवें केन्ना पळयला?
तरी आंकडो बरयताच मरे."

तेव्हापासून दर महिन्याला एक अंक
माझ्या डिकीतून घरी यायचा.
खरं सांगतो, अर्ध्याहून जास्त भुसा.
तेच चार लेखक, एकमेकांची पाठ खाजवणारे.
ड्रमर पस्तीस वर्षांपूर्वी का सोडून गेला
यावर सहा पानं, पुढच्या अंकात खुलासा,
त्याच्या पुढच्यात खुलाशाचा समाचार.
जाहिरातीत त्याच जुन्या तबकड्या,
डबा नवा, किंमत दुप्पट.
एका अंकाच्या पैशांत म्हापशाच्या बाजारात
डझनभर बांगडे आले असते
आणि वर चोरिसांची एक माळ.

पण मध्येच एखादी ओळ भेटायची.
एकानं लिहिलं होतं: चौदाव्या मिनिटाला ऑर्गन असा येतो
की बंद इगर्जीचं दार कुणी उघडलं
आणि स्वतः मात्र बाहेरच थांबला.
ती ओळ घेऊन मी आठवडाभर स्कूटर चालवली.
खोर्जुव्याच्या पुलावर मला ऐकू यायचं
कुणीच न वाजवलेलं काहीतरी.

मग फोन स्वस्त झाले, सगळी गाणी खिशात आली.
तेही आलं.
चौदाव्या मिनिटाला ऑर्गन नव्हताच.
बाराव्याला होता, सर्दी झाल्यासारखा.
तीनदा ऐकलं. समीक्षक खोटं बोलला होता,
किंवा त्या दिवशी त्याच्या खोलीत
दुसरंच काही वाजत होतं.

हे सांगायला गेलो तर झेफेरिन नव्हता.
रविवारी पुरला, म्हणाला भाचा,
आणि पुन्हा रद्दीवाल्याशी किलोचा भाव बोलू लागला.
दोन गठ्ठे मी उचलले. त्यानं पैसे घेतले नाहीत,
वजन मात्र केलं.

वर्गणी अजून चार अंकांची शिल्लक होती.
पोस्टमन मला ओळखतो, माझ्याच हातात देतो.
पहिल्याच अंकात, वाचकांच्या पत्रांत, अगदी तळाशी:

"महोदय, मागच्या अंकात, पान एक्केचाळीस,
नव्या गाण्याचा ताल आपण सलग सात मात्रांचा म्हटला आहे.
तो पाच आणि दोन आहे.
मी टेबलावर मोजून पाहिला.
झे. लोबो, मयडे, गोवा."

गाणं त्यानं ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.
पान एक्केचाळीसवर फक्त शब्द छापले होते.

त्याच्या गेटपाशी उभा राहिलो, कानात फोनची वायर,
हातातल्या पकडीनं मीटरच्या पेटीवर मोजत.
एक दोन तीन चार पाच. एक दोन.
एक दोन तीन चार पाच.
शेजारची बाई खिडकीत आली, काय बिघडलंय विचारायला.
काही नाही, म्हटलं.

काचेआड चकती थांबलेली.
आकडा मागच्याच महिन्याचा.
उतरवून घेतला.