‘भ’ची वाटणी

रॉकफर्डला, सातव्या रस्त्याच्या मागे,
आर्डिस सँडक्विस्ट वारल्या, त्याच्या तिसऱ्या शनिवारी
त्यांच्या घरभर किमती चिकटवल्या.
इस्त्री तीन डॉलर. बर्फाचं फावडं चार.
फावडं माझंच. जानेवारीत नेलं होतं त्यांनी,
परत मागायचं राहिलं.
भर जूनमध्ये, रांगेत उभा राहून,
मी ते विकत घेतलं.

तळघरात स्वीडिश शब्दकोश, पुठ्ठा निखळलेला, पन्नास सेंट.
त्यांच्या वडिलांचा. हा माणूस तीस वर्षं
कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचा
आणि रात्री समासात पेन्सिल चालवायचा.
एका क्रियापदाखाली त्याने दोनदा रेघ ओढलीय :
बू. म्हणजे राहणे.
पुढे बारीक टायपात मूळ, मुळाचं मूळ,
आणि रिकाम्या बरण्यांच्या फळीशी, चाळीसच्या दिव्याखाली
मला आपला भू भेटला.

तर भ एकच होता.
मग भावाभावांत होतं तेच झालं.
थंडीकडे गेले त्यांनी ब उचलला,
आतली वाफ टाकून दिली.
आमच्याकडे ब झिजला, वाफ तेवढी उरली :
भवति, होइ, होतो.
त्यांचं राहणं नि आमचं होणं
सख्खी भावंडं, पण रस्त्यात भेटली
तर ओळख दाखवणार नाहीत.

आणि राहायला आम्ही दुसरंच क्रियापद धरलं,
जे मागे पडलेल्या गोष्टींनाही चालतं.
दूध आणायचं राहिलं.
दादाला फोन करायचा राहिला.
मी रॉकफर्डला राहिलो,
अकरा वर्षं, स्क्रूच्या फॅक्टरीत, रात्रपाळीला.
यातलं माझं कुठलं, ते
एच.आर.च्या फॉर्मवर विचारत नाहीत.

त्याच पानावर खाली, पुन्हा बू. आता नाम.
पाखराचं घरटं.
शिवाय माणूस गेल्यावर जे मागे उरतं ते सगळं,
इस्त्रीसकट.
इथे पेन्सिल लागलेली नाही.

गल्ल्यावर नात, लिनिया. चष्मा कपाळावर.
‘जवळच राहता ना?’
‘हो,’ तोंडातून मराठीच निघालं.
तिला ते कळलं की माझी मान हललेली दिसली,
कोण जाणे.
फावड्याचे चार तिने मोजून घेतले,
पुस्तक उलटंसुलटं केलं,
म्हणाली, याचे राहू द्या.